पी०७५३: नवा शिफ्ट सोलेनॉइड बसवूनही परत आलेला कोड

या प्रकरणातील गाडी एका जपानी बनावटीची, १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची, पुढच्या चाकांवर चालणारी सेडान आहे. तिला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेला, चार गिअरचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. आपल्याकडे आता एएमटी, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच अशा सगळ्याच गाड्यांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हटले जाते, परंतु त्यांची रचना एकमेकांपासून पूर्ण वेगळी असते. पुढील विवेचन ज्या गिअरबॉक्समध्ये ऑइलच्या दाबाने क्लच आणि ब्रेक बँड चालतात आणि तो दाब सोलेनॉइडच्या, म्हणजे करंटवर उघडमीट होणाऱ्या छोट्या झडपेच्या, साहाय्याने वळवला जातो, त्या जुन्या आणि अत्यंत टिकाऊ घराण्यापुरते आहे.

मालकांची तक्रार अशी होती की, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढताना गाडीचा पिकअप अचानक मरतो, ‘ओडी ऑफ’ (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद) हा दिवा लुकलुकू लागतो आणि त्यानंतर सपाट रस्त्यावरही गाडी थांबून पुन्हा निघताना उचलत नाही. अशा वेळी ते घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ देत. त्यानंतर गाडी पूर्ववत चाले. परतीच्या वाटेवर, जिथे साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी वाहने बोगद्यातून येतात, तिथे ही तक्रार कधी आली नव्हती. शहरातील रहदारीतही ती दिसत नसे. या वर्णनावरून मालकांचा आणि आधीच्या गॅरेजचा निष्कर्ष एकच होता: गिअरबॉक्स तापला की बिघडतो.

आधीच्या गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७५३, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड ‘ए’चा विद्युत बिघाड, असा कोड मिळाला होता. तिथे गरम गाडीवर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजण्यात आला, तो १६.६ ओहम भरला, आणि मॅन्युअलमध्ये ११ ते १५ ओहम अशी मर्यादा असल्याने सोलेनॉइड खराब ठरवून बदलण्यात आला. सोबत ऑइल आणि फिल्टरही बदलले गेले. पुढच्याच सातारा फेरीत तोच कोड परत आला. त्यानंतर गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करण्याचा सल्ला मिळाला, ज्याचा अंदाजित खर्च लाखाच्या पुढे होता. गाडी आमच्याकडे आली ती या टप्प्यावर, आणि सुदैवाने मालकांनी काढलेला जुना सोलेनॉइड डिकीत जपून ठेवला होता.

तो जुना सोलेनॉइड हा या प्रकरणातील पहिला पुरावा ठरला. टेबलावर, २८ अंश तापमानाला, त्याचा रेझिस्टन्स १३.२ ओहम भरला. सोलेनॉइडची गुंडाळी तांब्याची असते आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशामागे साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. हा हिशेब केला तर २० अंशांना १२.८ ओहम असलेली गुंडाळी ९५ अंशांना १६.६ ओहम दाखवणार, आणि हाच आकडा आधीच्या गॅरेजच्या जॉब कार्डवर लिहिलेला होता. मॅन्युअलमधील ११ ते १५ ओहम ही मर्यादा २० अंश तापमानासाठी दिलेली असते. ती ओळ त्याच पानावर छापलेली असते, पण आकडे मोठ्या चौकटीत आणि तापमान बारीक अक्षरांत असल्याने वाचणाऱ्याची नजर तिथे थांबत नाही. अर्थात, गरम असताना मोजलेला आकडा पूर्णपणे निरोगी सोलेनॉइडचा होता. केवळ रेझिस्टन्सवर विसंबून न राहता आम्ही त्याला बॅटरीचे बारा व्होल्ट देऊन प्लंजरचा (आतल्या सरकत्या दांड्याचा) टक असा स्पष्ट आवाज ऐकला. मग ४९० किलोपास्कल दाबाची हवा देऊन पाहिली: करंट नसताना हवा अजिबात गळत नव्हती आणि करंट देताच मार्ग मोकळा होत होता. म्हणजे काढून टाकलेला सुटा भाग विद्युतदृष्ट्याही ठीक होता आणि यांत्रिकदृष्ट्याही.

येथे कोडच्या अर्थाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या याच ठिकाणी सुरू होतात. पी०७५१ आणि पी०७५३ हे दोन्ही कोड ‘ए’ सोलेनॉइडचे नाव घेतात, पण ते दोन वेगळी विधाने करतात. पी०७५१ सांगतो की ईसीयूने (गाडीच्या नियंत्रक संगणकाने) सोलेनॉइडला आज्ञा दिली, विद्युत मार्गात काही खोट दिसली नाही, पण गिअर अपेक्षेप्रमाणे पडला नाही. हे ईसीयूला इनपुट आणि आउटपुट शाफ्टच्या वेगांच्या गुणोत्तरावरून कळते, आणि त्याचे कारण अडकलेला प्लंजर, व्हॉल्व्ह बॉडीतील (ऑइलचे मार्ग आणि झडपा असलेल्या ठोकळ्यातील) कचरा, झिजलेले बोअर किंवा घसरणारा क्लच यांपैकी काहीही असू शकते. पी०७५३ मात्र गिअर पडला की नाही याविषयी काहीच बोलत नाही. तो एवढेच सांगतो की ईसीयूपासून सोलेनॉइडपर्यंत आणि तिथून अर्थपर्यंत (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या धातूपर्यंत) जाणाऱ्या मार्गात कुठेतरी करंट तुटला किंवा गळला. या मार्गात ईसीयूचा आउटपुट, त्याच्या कपलरची (वायरींच्या जोडणीची) पिन, इंजिन बेमधून जाणारी वायर, गिअरबॉक्सवरचा कपलर, गिअरबॉक्सच्या आतली वायर, सोलेनॉइडची गुंडाळी आणि शेवटी सोलेनॉइडच्या बॉडीतून मिळणारा अर्थ, असे सात टप्पे येतात. सोलेनॉइड हा त्यांतला एकच टप्पा आहे, आणि आमच्या अनुभवात तो सर्वांत कमी वेळा दोषी निघणारा आहे.

दुसरा पुरावा गाडीच्या वागण्यात होता. या गिअरबॉक्समध्ये एस१ आणि एस२ हे दोन ऑन-ऑफ प्रकारचे सोलेनॉइड मिळून चारही गिअर ठरवतात. कोडमधला ‘ए’ म्हणजे एस१. पहिल्या गिअरला एस१ चालू आणि एस२ बंद, दुसऱ्याला दोन्ही चालू, तिसऱ्याला एस१ बंद आणि एस२ चालू, आणि ओव्हरड्राइव्हला दोन्ही बंद, असा त्यांचा क्रम आहे. एस१चा करंट तुटला तर पहिल्या गिअरच्या वेळी दोन्ही सोलेनॉइड बंद अवस्थेत राहतील आणि गाडी थेट ओव्हरड्राइव्हमध्ये उठण्याचा प्रयत्न करील. ते टाळण्यासाठी ईसीयू एस२ चालू करतो आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उठते. उलट एस२ गेला असता तर गाडी पहिल्या गिअरमध्ये व्यवस्थित उठून मग एकदम ओव्हरड्राइव्हमध्ये उडी मारते. म्हणून मालकांना पहिला प्रश्न विचारला तो असा, की बिघाडाच्या वेळी गाडी जागेवरून उठतानाच जड वाटते, की उठते चांगली आणि नंतर मरते. त्यांचे उत्तर निःसंदिग्ध होते: उठतानाच जड, आणि थोडा वेग आल्यावर जवळजवळ सामान्य. ईसीयू एस१ला मुकला आहे आणि ठरलेल्या सुरक्षा-पद्धतीने गाडी चालवत आहे, हे त्यावरून पक्के झाले. म्हणजे मालकांना जाणवणारी गिअरबॉक्सची ‘कमजोरी’ ही झीज नव्हती.

तिसरी चाचणी जुन्या पद्धतीची आहे आणि ती अजूनही फार उपयोगी पडते. गिअरबॉक्सवरचा सोलेनॉइडचा कपलर काढून टाकायचा, म्हणजे ईसीयूचा संबंधच राहत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर हळू गाडी चालवून लिव्हर ‘एल’, ‘२’ आणि ‘डी’ असा सरकवायचा. या गिअरबॉक्समध्ये तेव्हा अनुक्रमे पहिला, तिसरा आणि ओव्हरड्राइव्ह पडायला हवेत. ते तिन्ही स्वच्छ पडले, कुठेही घसरणे किंवा धक्का नव्हता. क्लच, पंप आणि मॅन्युअल व्हॉल्व्ह यांच्याविषयीची शंका या एका ट्रायलमध्ये मिटली, आणि ओव्हरहॉलचा सल्ला त्याच दिवशी रद्द झाला. ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, लिव्हर सर्व स्थानांतून फिरवून ‘पी’मध्ये आणून, ऑइल ७० ते ८० अंशांवर असताना पाहिली, ती डिपस्टिकच्या ‘हॉट’ पट्ट्यात होती, रंग लाल आणि वास नेहमीचा. चाचणीनंतर कपलर परत बसवून त्यामुळे आलेले कोड पुसणे मात्र विसरू नये, नाहीतर पुढचा तपास आपणच निर्माण केलेल्या कोडांच्या मागे जातो.

आता मुख्य प्रश्न उरला: बिघाड घाटातच का? ‘तापल्यावर’ हे मालकांचे उत्तर होते आणि वरवर पाहता ते पटण्यासारखे होते. फ्रीझ फ्रेममध्ये, म्हणजे कोड येताना ईसीयूने टिपलेल्या नोंदीत, एटीएफचे (गिअरबॉक्समधील ऑइलचे) तापमान १०४ अंश आणि थ्रॉटल बराच उघडलेला दिसत होता. परंतु घाटात दोन गोष्टी नेहमी एकत्र येतात: गाडी तापते आणि इंजिनावर भार येतो. कारण यांपैकी कोणते, हे त्या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या केल्याशिवाय सांगता येत नाही. ‘थंड केल्यावर बरी होते’ हा पुरावाही तपासून पाहण्याजोगा होता. या गाडीचा ईसीयू एकदा सुरक्षा-पद्धतीत गेला की इग्निशन बंद होईपर्यंत त्यातच राहतो. मालक दर वेळी इंजिन बंद करून अर्धा तास थांबत असल्याने गाडी थंडाव्याने बरी झाली की केवळ चावी फिरवल्याने, हे कधीच कळले नव्हते. पुढच्या ट्रायलमध्ये बिघाड आल्याबरोबर आम्ही गाडी थांबवून चावी बंद केली आणि लगेच पुन्हा चालू केली. गाडी तितकीच गरम असूनही पहिल्या गिअरमध्ये व्यवस्थित उठली.

यानंतरच्या दोन चाचण्या या प्रकरणाचा गाभा आहेत. पहिली: गाडी उभी ठेवून, इंजिन चालू, एटीएफ १०० अंशांच्या पुढे जाईपर्यंत तापवली. नंतर ब्रेक दाबून ‘डी’मध्ये, म्हणजे एस१ला करंट मिळत असताना, ती आयडलवर बराच वेळ ठेवली. कोड आला नाही. दुसरी: दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर, हँडब्रेक आणि फूटब्रेक घट्ट धरून, चाकांना ठोकळे लावून, ‘डी’मध्ये थ्रॉटल दाबला. ही चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नये आणि दोन चाचण्यांमध्ये ऑइलला निवायला वेळ द्यावा, कारण त्या काळात इंजिनाची सारी शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जिरते. गाडीसमोर कोणीही उभे राहू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. दुसऱ्याच दाबाला ‘ओडी ऑफ’ दिवा लुकलुकू लागला आणि पी०७५३ नोंदला गेला, तेही एटीएफ जेमतेम ४० अंशांवर असताना.

म्हणजे उष्णतेचा संबंध नव्हता, भाराचा होता. आणि भार आल्यावर विद्युत मार्गात काय बदलते? आडव्या बसवलेल्या इंजिनावर भार आला की ते आपल्या माउंटिंगवर मागे झुकते. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडलेल्या वायरी बॉडीला बांधलेल्या वायरींपासून ताणल्या जातात. तपासाची जागा त्यामुळे बरीच अरुंद झाली: ईसीयू आणि गिअरबॉक्सच्या आतली वायर दोन्ही मागे पडले आणि मधला, इंजिन बेमधला तुकडा पुढे आला. अर्थची शंकाही इथेच निकाली निघाली. एस१ आणि एस२ दोघांचाही अर्थ गिअरबॉक्सच्या केसिंगमधूनच जातो आणि एस२चा कोड एकदाही आलेला नव्हता. खात्रीसाठी केसिंग आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलमधील व्होल्टेज भार देताना मोजले, ते ०.०४ व्होल्टच्या वर गेले नाही.

उभ्या गाडीवर एस१च्या वायरची कंटिन्युइटी मोजली तर ती उत्तम होती, ०.३ ओहम. याच कारणाने ओहममीटरवर विसंबून वायर निर्दोष ठरवली जाते. ओहममीटर वायरमधून मिलिअँपिअरच्या घरातला करंट सोडतो आणि जाडीतले दोन-तीन तंतू एकमेकांना टेकलेले असले तरी समाधानी होतो. सोलेनॉइडला मात्र एक अँपिअरच्या आसपास करंट लागतो. म्हणून आम्ही चालू मार्गावरच व्होल्टेज ड्रॉप (वायरच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक) मोजला: मल्टिमीटरचे एक टोक ईसीयूच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने, दुसरे गिअरबॉक्सच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने, मीटर मिन-मॅक्स (किमान-कमाल आकडा टिपणाऱ्या) नोंदीवर. आयडलवर ०.०७ व्होल्ट. मग थ्रॉटल दाबताच मीटरच्या कमाल नोंदीत तेरा व्होल्टच्या जवळचा आकडा उमटला. वायर त्या क्षणी पूर्ण तुटत होती आणि ईसीयूचे सारे व्होल्टेज त्या तुटलेल्या जागेवर अडत होते. मिन-मॅक्स नोंद नसती तर हे दिसले नसते, कारण बिघाड लक्षात येताच ईसीयू आपला आउटपुट लगेच बंद करतो आणि मीटर पुन्हा शून्यावर येतो.

बॅटरी ट्रे काढल्यावर कारण समोर आले. ट्रेखालून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बॉडीवर धरणारी क्लिप नव्हती. तिचे भोक रिकामे होते. हार्नेस ट्रेच्या कडेवर टेकून इंजिनाच्या हालचालीबरोबर तिथेच वाकत होता. टेप सोडवून एस१ची वायर बोटांनी चाचपली, तेव्हा एका ठिकाणी ती मऊ लागली. इन्सुलेशन वरून अखंड दिसत होते, पण भिंगाखाली त्यावर सुईने पाडलेले बारीक छिद्र स्पष्ट होते. कधीतरी कोणीतरी टेस्ट लॅम्पची सुई वायरमध्ये खुपसून करंट पाहिला होता. त्या छिद्रातून पावसाचे आणि धुलाईचे पाणी आत शिरले, तांबे हिरवे पडून कुजले, आणि रोजच्या वाकण्याने तंतू एकेक करून तुटले. शेवटी उरली ती दोन टोके, जी विश्रांतीत एकमेकांना टेकत आणि भाराखाली सुटत. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे चार महिने इंजिन बे ओलसर राहतो, तिथे वायरमध्ये सुई खुपसून चाचणी करण्याची सवय ताबडतोब सोडली पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो. कपलरच्या मागून, सीलच्या कडेने पातळ प्रोब सरकवून तीच चाचणी इन्सुलेशनला धक्का न लावता करता येते.

दुरुस्ती साधी होती, तरी तीत काळजी लागते. कुजलेला भाग दोन्ही बाजूंना स्वच्छ, चकचकीत तांबे मिळेपर्यंत कापला. तांबे काळसर असेपर्यंत कापत जावेच लागते, कारण कुजणे इन्सुलेशनच्या आतून बरेच पुढे पसरलेले असते. त्याच जाडीची ऑटोमोटिव्ह वायर क्रिंप करून जोडली आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. जोड मुद्दाम वाकणाऱ्या जागेपासून दूर ठेवला. हार्नेसला नवी क्लिप लावली. इंजिनाचे पुढचे माउंटिंग दाबून पाहिले तर रबर फाटले होते. निरोगी माउंटिंगवर इंजिन इतके झुकलेच नसते आणि वायरवर इतका ताण आलाच नसता, म्हणून तेही बदलले. गिअरबॉक्सच्या आत काहीही उघडले नाही.

पडताळणीसाठी आधी थंड गाडीवर तीच ब्रेक धरून केलेली चाचणी आणि सोबत हार्नेस हाताने हलवणे, असे दोन्ही केले. व्होल्टेज ड्रॉपची कमाल नोंद ०.०९ व्होल्ट. नंतर खंबाटकीचा घाट, स्कॅनरवर लाइव्ह डेटा नोंदवत: एस१ची आज्ञा, इनपुट शाफ्टचा वेग, थ्रॉटल आणि एटीएफचे तापमान. घाटमाथ्यावर एटीएफ १०६ अंशांवर पोहोचले होते आणि गाडी थांबवून पुन्हा उठवताना इनपुट वेगाचे गुणोत्तर पहिल्या गिअरचेच होते. कोड नाही. मालक त्यानंतर त्याच रस्त्याने पावसाळाभर ये-जा करत राहिले आणि सर्व्हिससाठी आले तेव्हा ईसीयूमध्ये कोणताही प्रलंबित कोड नव्हता.

गाडी बिघडलेल्या अवस्थेत किती चालवावी, हा प्रश्न मालकांनी विचारला होता, आणि तो योग्य आहे. तिसऱ्या गिअरमध्ये वारंवार उठवलेली गाडी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये खूप उष्णता निर्माण करते; चढावर तर ऑइल लवकर जळते. म्हणून सुरक्षा-पद्धतीत गेलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत, सपाट रस्त्याने न्यावी, घाटात नेऊ नये. या गाडीच्या बाबतीत ऑइल वेळीच बदललेले होते, ही आधीच्या गॅरेजची एक गोष्ट खरोखर उपयोगाची ठरली.

नव्या पिढीच्या सहा आणि आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये हीच पद्धत काही फरकांनी लागू पडते. तिथले बहुतेक सोलेनॉइड ऑन-ऑफ नसून दाब कमी-जास्त करणारे असतात, त्यांचा रेझिस्टन्स पाच-सहा ओहमांच्या आसपास असतो, आणि मल्टिमीटरवर सरासरी व्होल्टेज दिसत असल्याने क्षणिक तुटणे पकडण्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. काही गिअरबॉक्समध्ये नवा सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडी बसवल्यावर तिचा संकेतांक कंट्रोल युनिटमध्ये भरावा लागतो, अन्यथा चांगला भागही धक्के देत चालतो. अशा गाडीत अनावश्यक सोलेनॉइड बदलणे म्हणजे सुट्या भागाच्या किमतीपलीकडे एक नवा संभाव्य दोष विकत घेणे होय, आणि म्हणून तिथे वायरिंगची तपासणी आधी करणे अधिकच गरजेचे ठरते.

जॉब कार्डवर आम्ही ‘सोलेनॉइड ए दुरुस्त’ असे लिहिले नाही. ‘एस१ वायर, बॅटरी ट्रेखाली, गिअरबॉक्स कपलरपासून अंदाजे ४० सेंटिमीटरवर तुटलेली; तुकडा बदलला; हार्नेस क्लिप आणि पुढचे माउंटिंग नवे; जुना सोलेनॉइड तपासून योग्य, मालकांकडे परत’ अशी नोंद केली, जेणेकरून पुढे हा गिअरबॉक्स ज्याच्या हाती जाईल त्याला कुठे जोड आहे आणि कशाला हात लागलेला नाही हे कळावे.